मोहोड सरांची जर्मन

यवतमाळच्या मोहोड सरांनी माझ्या भाचीला फसवलं. हे मी कुणाकडून ऐकून लिहीत नाही. हा प्रकार वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर, खडू-फळ्यासकट, राजरोस चालला होता. पैशाबद्दल माझी तक्रार नाही. फीमध्ये सरांनी कधी लबाडी केली नाही. पावती दिली, सुट्टे परत केले. माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीचा आहे. पैशात फसवणारा माणूस दुकानाची पायरी चढतो तेव्हाच मला कळतो. मोहोड सर त्या जातीचे नव्हते, म्हणून तर माझ्या हातून सुटले.

भाचीचं नाव वैशाली. माझी बहीण मारेगावला दिली आहे, तिची ही मोठी. पोरीनं नर्सिंग केलं आणि माझ्याकडे राहून यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात नोकरीला लागली. मग जर्मनीचं वारं आलं. तिकडच्या दवाखान्यांना नर्स पाहिजेत, आणि आपल्याकडे नर्स आहेत पण पगार नाहीत. एका एजन्सीमार्फत वैशालीची मुलाखत झाली, तिकडच्या एका दवाखान्यात जागाही ठरली. अट एकच. ठरलेल्या मुदतीत जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायची. झाली तर विमान, नाही तर जागा दुसरीला.

आमच्या यवतमाळात तेव्हा जर्मन शिकवणारा माणूस एकच होता.

मोहोड सर मूळचे संस्कृतचे मास्तर. एका शाळेत त्यांनी आयुष्यभर ‘रामः रामौ रामाः’ म्हणवून घेतलं. पुढे संस्कृत घेणारी पोरं आटत गेली, तसे सर जर्मनकडे वळले. पुस्तकं मागवून घरीच शिकले आणि पुण्याला जाऊन कसलीशी परीक्षा देऊन आले. त्या परीक्षेचं प्रमाणपत्र वर्गाच्या भिंतीवर होतं, पण इतकं उंच लावलेलं की वाचायला स्टूल लागावं. खाली उभं राहून चौकट तेवढी दिसायची.

दिसायला सर रुबाबदार. पांढरा बुशकोट, खिशाला दोन पेनं, केस मागं वळवलेले. फळा ते डस्टरनं पुसत नसत, स्वतःच्या रुमालानं पुसत. मग तो खडूनं माखलेला रुमाल चार घड्या घालून खिशात ठेवत आणि थोड्या वेळानं त्यानंच तोंड पुसत. वर्ग सुटेपर्यंत त्यांच्या गालांवर पांढरे पट्टे आलेले असत. ते पाहून कुणी हसायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम दाराचा. वर्ग सुरू झाला की दाराला आतून कडी. बाभुळगावहून येणारी एक पोरगी बस चुकली म्हणून भर उन्हात बाहेर पायरीवर बसलेली मी स्वतः पाहिली आहे. “जर्मन माणूस उशीर करत नाही,” असं सर आतून ओरडले. सर स्वतः मात्र शेवयांचा उपमा संपेपर्यंत घरातून निघत नसत. त्याचं कारणही त्यांच्याजवळ होतं: “मी येतो तेव्हा वेळ होते.”

‘जर्मन माणूस’ हा सरांचा हुकमी एक्का. जर्मन माणूस चहात साखर घेत नाही, म्हणून पोरींनी बिनसाखरेची काळी कॉफी प्यायची. जर्मन माणूस मोठ्यानं हसत नाही. जर्मन माणूस अर्धवट काम करत नाही, म्हणून वैशालीनं नोकरी सोडायची. “अर्धा विद्यार्थी मला चालत नाही,” सर म्हणाले, आणि पोरीनं चालू नोकरी सोडली. हा जर्मन माणूस सरांना कुठं भेटला होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सर स्वतः कधी वर्धा-नागपूर-पुण्यापलीकडे गेले नव्हते.

पहिल्यांदा मी वैशालीला घेऊन गेलो, बायकोही सोबत होती. मी माझ्या सवयीनं बोललो.

“सर, ट्रॅक्टर घेताना आपण आधी चालू करून पाहतो. थोडं चालू करून दाखवा ना.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून आलो होतो. मग डोळे मिटले आणि सुरू झाले: “प्रथमा डेर, द्वितीया डेन, चतुर्थी डेम, षष्ठी डेस...” एका लयीत, एका सुरात, श्वास न घेता. पुल्लिंग झालं, स्त्रीलिंग झालं, नपुंसक झालं, अनेकवचन झालं. खोलीत उदबत्तीचा वास नव्हता एवढंच. माझ्या बायकोनं नकळत हात जोडले.

सर डोळे उघडून म्हणाले, “आपल्या संस्कृतला आठ विभक्त्या. यांच्या चार. अर्ध्या मेहनतीत भाषा. आणि क्रियापद शेवटी नेऊन ठेवतात, मराठीसारखं. आपल्या माणसाला जर्मन म्हणजे घरचीच.”

“आणि बोलणं?” मी विचारलं.

“बोलणं आपोआप येतं, भाऊ. व्याकरण आपोआप येत नाही.”

हे वाक्य सर रोज म्हणत. मी ते इथं लिहून ठेवतो, कारण वर्षभर चाललेला सगळा अनर्थ या एका वाक्यात भरलेला आहे.

वैशाली मन लावून शिकली. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना तिचं ‘डेर डेन डेम डेस’ चालू असायचं. माझ्या घरात कुकरच्या शिट्टीबरोबर विभक्त्या वाजायच्या. बायको तर म्हणायची, “हे म्हणून राह्यली तर मले भीमरूपी म्हटल्यासारखं वाटते.” आम्हाला वाटायचं, पोरगी भाषा शिकते आहे.

वर्गात एक पोरगी होती, तिचं नाव सविता राठोड. पुसदकडच्या एका तांड्यावरची. घरी बंजाऱ्यांची गोर बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. चौथी भाषा म्हणजे तिला काही मोठं आभाळ कोसळलेलं नव्हतं. तिनं मोबाइलवरून जर्मनीतल्या कुण्या म्हातारीशी ओळख काढली होती आणि तिच्याशी रोज मोडकंतोडकं बोलायची. सरांना ते समजलं. त्यांनी तिला वर्गात उभं केलं आणि काय बोललीस ते सांगायला लावलं. तिनं सांगितलं. सरांनी वाक्यावाक्याला चुका मोजायला सुरुवात केली. सर एरवी पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला की त्यांची वऱ्हाडी बाहेर पडायची.

“विभक्ती चुकली, लिंग चुकलं, क्रियापद मधातच सोडलं! असं बोलून राह्यली तू तिच्याशी?”

“हो सर. पण तिले समजलं ना.”

“समजलं म्हणजे बरोबर झालं काय?”

“मंग सर, लोक बोलतात कायले?”

वर्ग हसला. मोठ्यानं हसला, म्हणजे जर्मन माणसासारखा नव्हे. सरांनी रुमालानं तोंड पुसलं आणि दाराची कडी काढली. “अशुद्ध बोलण्यापेक्षा मुकं राहिलेलं चांगलं. जाय.”

सविता दप्तर उचलून गेली. दुसऱ्या दिवशी तिचा बाप टोपी हातात घेऊन सरांकडे आला, तर सरांनी त्याला व्याकरणाचं महत्त्व सांगितलं. वैशालीनं हे घरी जेवताना सांगितलं तेव्हा ती सविताच्या नव्हे, सरांच्या बाजूची होती. “सर कडक हायेत मामा, पण ज्ञान लय हाये,” असं म्हणाली. सरांचं यश हे होतं. त्यांनी ज्यांना फसवलं, त्याच त्यांच्या वकील होत्या.

आता परीक्षेचं सांगतो, नाही तर पुढचं समजणार नाही. या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग असतात. व्याकरणाचा वेगळा पेपरच नाही. हे मला परीक्षा झाल्यावर कळलं; सरांना आधीपासून माहीत होतं. बोलण्याच्या भागात दोन उमेदवारांना समोरासमोर बसवतात आणि एक विषय देतात. समजा, सोबत काम करणारी एक बाई आजारी आहे, तिला भेटायला जायचं आहे. केव्हा जायचं, काय न्यायचं, ते दोघांनी आपसात ठरवायचं. एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं नाही म्हणायचं, तिसरंच काही काढायचं, शेवटी एका गोष्टीवर यायचं. म्हणजे सौदाच. परीक्षक नुसते ऐकतात. मला कुणी आधी सांगितलं असतं तर पोरीला चार दिवस माझ्या दुकानात बसवलं असतं.

मोहोड सरांनी यावर काय तोड काढली? त्यांनी संवाद लिहिले. शाळेच्या गॅदरिंगला लिहितात तसे. दवाखान्याचा संवाद, वाढदिवसाचा संवाद, सहलीचा संवाद. प्रत्येकात दोन पात्रं, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ सुरुवात करतो, विचारतो, सुचवतो. ‘ब’ उत्तर देतो. व्याकरण निर्दोष, एक मात्रा इकडची तिकडं नाही. मग सरांनी पोरी वाटल्या. खणखणीत आवाजाच्या पोरी ‘अ’, हळू बोलणाऱ्या ‘ब’. एकदा ‘ब’ म्हणजे शेवटपर्यंत ‘ब’. वैशालीनं एकदा विचारलं होतं, “सर, मी कधी कधी ‘अ’ होऊ काय?” सर म्हणाले, “नाटकात कुणी मध्येच सोंग बदलतं का? आपलं आपलं पक्कं कर.”

वैशालीची ‘अ’ होती सविता. सविता गेल्यावर तिची जागा सरांनी स्वतः घेतली. म्हणजे पुढचे कितीतरी महिने माझी भाची फक्त मोहोड सरांच्या प्रश्नाला उत्तर देत होती. सरांनी नाव घेतलं की उठायची, सरांचा प्रश्न संपला की बोलायची, आणि बसायची.

त्यानंतर सरांनी कळस केला. एका मंगल कार्यालयात पालकांसाठी ‘प्रात्यक्षिक’ ठेवलं. दारात रांगोळी, स्टेजवर शाल-नारळ, एक पुढारी पाहुणा. पोरी जोडीजोडीनं स्टेजवर आल्या आणि धडाधड जर्मन बोलल्या. वैशाली आली, समोर सर ‘अ’ होऊन बसले. त्यांनी हात उडवून काही विचारलं, वैशालीनं मान वेळावून उत्तर दिलं. सर हसले, ती हसली. हसण्याची जागासुद्धा लिहिलेली होती, हे मला पुढे कळलं. माझी बहीण मारेगावहून मुद्दाम आली होती. ती पदरानं डोळे पुसत होती. हॉलमध्ये शंभर माणूस, आणि जर्मन समजणारा एकही नाही. पाहुणा भाषणात म्हणाला, “मले यातलं एक अक्षर समजलं नाई. म्हणजे माल अस्सल हाये!” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सरांच्या गळ्यात शाल मीच घातली.

परीक्षेला पुण्याला मी गेलो. सोबत वैशाली आणि तिच्याच वर्गातली प्रणाली. प्रणाली स्वभावानं वैशालीहून मऊ. बसमध्ये खिडकी लावू का हेसुद्धा विचारून लावायची. दोघींचे अर्ज सरांनी एकत्रच भरले होते. मी केंद्राबाहेरच्या टपरीवर बसलो. दुपारी दोघी बाहेर आल्या. प्रणाली रडत होती. वैशाली रडत नव्हती, ते जास्त वाईट दिसत होतं.

“काय झालं?”

“काही नाई, मामा.”

“काहून काही नाई? वाचन कसं गेलं?”

“चांगलं गेलं. लेखन बी चांगलं गेलं.”

“मंग?”

मी चहा सांगितला. तिनं कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

“बोलाच्या परीक्षेत आमच्या दोघीचीच जोडी लागली, मामा. आम्ही दोघी बी ‘ब’.”

मला चटकन कळलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं. समोरासमोर खुर्च्या. विषयाचा कागद हातात. परीक्षक बाई हसून म्हणाल्या, करा सुरू. वैशालीनं प्रणालीकडे पाहिलं. प्रणालीनं वैशालीकडे पाहिलं. दोघीही थांबल्या. वर्षभराची सवय, प्रश्न आला की उत्तर द्यायचं. प्रश्न कोण विचारणार?

“मले वाटलं प्रणाली सुरू करन. ते बी मायाकडे पाहून राह्यली होती.”

“अवो, मंग तूच विचारायचं ना काहीतरी!”

“मले प्रश्न पाठच नव्हता, मामा. मले उत्तर पाठ होतं.”

परीक्षक बाई पुन्हा म्हणाल्या, करा सुरू. मग काहीतरी बोलायलाच पाहिजे म्हणून प्रणालीनं आपलं पहिलं वाक्य म्हटलं. ‘ब’चं पहिलं वाक्य. त्याचा अर्थ: ‘हो, ही कल्पना फार छान आहे.’ आणि वैशालीनंही, घाबरून, आपलं वाक्य म्हटलं: ‘मलाही आवडली, आपण तसंच करू.’ कल्पना कुणी मांडलीच नव्हती. दोघींचं त्यावर एकमत झालं. पुढे दोघी गप्प. परीक्षक बाईंनी दोघींकडे पाहिलं आणि त्या कागदावर लिहायला लागल्या.

टपरीवाला हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कप विसळायला लागला. पण खरं सांगतो, दुसऱ्या कुणाच्या पोरीची गोष्ट असती तर मीही हसलो असतो.

निकाल लागला. वाचनात, लेखनात, ऐकण्यात पास. बोलण्यात दोघी नापास. तो एक भाग पुन्हा देता येतो, पण मुदत थांबत नाही. वैशालीची जागा दुसऱ्या पोरीला गेली.

महिनाभरानं सरांच्या वर्गावर नवा फ्लेक्स लागला. ‘आमच्या यशस्वी विद्यार्थिनी’. मधोमध सरांचा फोटो, हाताची घडी घातलेला, आणि बाजूला हसणारी सविता राठोड! जिला दार उघडून हाकललं, ती म्हातारीशी चुकतमाकत बोलत राहिली, परीक्षा पास झाली आणि जर्मनीला गेली. तिच्या बापाला फ्लेक्सबद्दल विचारलं तर म्हणाला, “लावू द्या साहेब. फोटो बरा आला हाये.” एवढं मोठं मन माझं नाही.

मी सरांच्या घरी गेलो. सकाळची वेळ. सर बनियनवर, अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मला पाहून फाटक उघडलं नाही, पण नमस्कार केला.

“सर, दोन ‘ब’ एकमेकींसमोर बसवले तुम्ही.”

“मी नाही बसवले. केंद्रानं बसवले.”

“एका पोरीले तरी सुरुवात करायला शिकवलं असतं.”

सरांनी झारी खाली ठेवली. “भाऊ, तुमच्या भाचीचं लेखन काढून पाहा. एक विभक्ती चुकली नाही. ते माझं काम. तोंड मी देत नाही, तोंड देव देतो. पोरगी भित्री आहे, तुम्ही मान्य करा.”

“भित्री? रात्रपाळीत एकटीनं वॉर्ड सांभाळत होती ते.”

“तो दवाखाना झाला. ही भाषा आहे.”

“सविता कशी पास झाली मंग?”

“तिचा पाया इथं घातला गेला,” सर म्हणाले. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. मी आयुष्यात गिअरबॉक्स फुटलेले ट्रॅक्टर ‘फर्स्ट क्लास’ म्हणून विकणारे लोक पाहिले आहेत; पण ते निदान नजर चुकवतात. मी आवाज चढवला, शेजारची माणसं बाहेर आली. सर शांत. “जर्मन माणूस रस्त्यावर भांडत नाही,” म्हणाले, झारी उचलली आणि माझ्याकडे पाठ करून मोगऱ्याला पाणी घालू लागले. मी फाटकाबाहेर उभा राहून बोलत होतो आणि त्यांची पाठ तेवढी दिसत होती, बनियनला मानेजवळ भोक पडलेलं. ते माझं त्यांचं शेवटचं दर्शन. आता ऐकतो की बाभुळगावला त्यांनी दुसरा वर्ग काढला आहे, आणि तिथं जागा मिळत नाही.

वैशाली मारेगावला परत गेली. जुनी नोकरी भरली गेली होती. मी म्हटलं, दुसरा शिक्षक शोधू, नागपूरला राहा, खर्च मी करतो. तर म्हणाली, “आता नको, मामा. मले नाई जमत.” हे ‘मले नाई जमत’ तिचं नाही, तिला कुणीतरी पाठ करून दिलेलं आहे. सरांनी गावभर केलेलं ‘भित्री आहे’ हे बोलणं तिच्याआधी मारेगावला पोचलं होतं. परवा पाहुणे बघायला आले, तर त्यांच्यातल्या एका बाईनं माझ्या बहिणीला कोपऱ्यात नेऊन विचारलं, “पोरगी बोलते ना हो चांगली?” वैशालीनं ते ऐकलं. चहाचा ट्रे ठेवला आणि आत गेली.

म्हणून मोहोड सरांनी उत्तर द्यावं. मला नको, मी कोण, ट्रॅक्टरवाला. मारेगावला जावं, माझ्या बहिणीच्या ओट्यावर बसावं, चार माणसं जमवावीत आणि या पोरीकडे पाहून सांगावं, शुद्ध मराठीत सांगितलं तरी चालेल: वर्षभरात एकदाही, एका संवादात, एका दिवशी, तिला आधी बोलू का दिलं नाही?